बोरखेडी २ कि.मी.

माझ्या मुलीचं लग्न अमरावतीला ठरलं, तेव्हा आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत ज्याने त्याने हेच विचारलं, की मुलगा काय करतो, घर स्वतःचं आहे का, सासू कशी आहे. शालिकभाऊंनी विचारलं, "अंतर कुठून धरलं?"

"कसलं अंतर?"

"अकोला ते अमरावतीचं. पोरगी देऊन राहिल्या ना तुमी? मंग मोजलं कुठून कुठवर? हद्दीपासून हद्दीवर, का दारापासून दारावर?"

मी मोजलंच नव्हतं. शालिकभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्न मोडावं लागतं की काय असं मला क्षणभर वाटलं. आठवडाभरात ते एसटीने अमरावतीला जाऊन आले आणि आमच्या फाटकापासून व्याह्यांच्या फाटकापर्यंतचं अंतर एका चिठोऱ्यावर दशांशासह लिहून माझ्या हातात ठेवलं. तो आकडा मी इथे देत नाही. छापून आला आणि शंभर मीटरने चुकला तर मला याच गल्लीत राहायचं आहे.

शालिकभाऊ आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात. रस्त्याच्या खात्यात ते मैलकुली म्हणून लागले. मैलकुली म्हणजे ठरावीक लांबीचा रस्ता ज्याच्या अंगावर असतो तो माणूस. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पडलेलं झाड ओढायचं. पण त्यांचं अक्षर वळणदार निघालं आणि साहेबांनी फावडं काढून हातात ब्रश दिला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्यांनी मैलाचे दगड रंगवले. अकोल्याच्या चहूबाजूंनी गावांची नावं आणि आकडे जे दिसतात, त्यातले कितीतरी त्यांच्या हातचे. कोणी त्यांना पेंटर म्हटलं तर त्यांना राग येतो. "पेंटर दुकानाची पाटी लिवते. त्यात 'उत्तम' लिवलं तरी कोनी मोजाले जात नाई. म्या आकडा लिवतो."

त्यांचं एक पालुपद आहे, दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं : "दगड खोटं बोलत नाई, बाई."

पेपरात एखादा निर्णय 'मैलाचा दगड ठरणार' असं छापून आलं की ते मला हाक मारतात. "कोनत्या रस्त्यावर? आकडा काय?" डॉक्टरांनी रोज थोडं चाला म्हटलं, तर हे "थोडं म्हंजे किती?" यावर दवाखान्यात अडून बसले आणि मागे पेशंटांची रांग लागली. कसे आहात म्हटलं तर "बाजारातून आलो, एक पूर्णांक चार," हे उत्तर. सुखदुःख त्यातूनच ओळखायचं. आकडा मोठा असला तर तब्येत चांगली.

वर्षातून एकच दिवस असा येतो, की ते आकडा सांगत नाहीत. पोळ्याच्या आधी एका सकाळी खांद्यावर पिशवी टाकून एसटीने कुठे तरी जातात आणि दुपारी बोटांना रंग लावून परत येतात. कुठे गेला होता म्हटलं तर म्हणतात, "जाऊन आलो." बस, एवढंच. त्यांच्या भिंतीवर अनुसयाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, हार घातलेला फोटो आहे. त्या गेल्यानंतरच शालिकभाऊ इथे राहायला आले, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही.

आता माझं सांगते. मी केंद्रप्रमुख आहे. बार्शीटाकळीकडच्या खेड्यांतल्या शाळा तपासत फिरणं हे माझं काम, आणि दिशा न कळणं हा माझा जन्मजात गुण. मोबाइलवर नकाशा लावून पाहिला. पण ऐन फाट्यावर गाडी आली की ऑफिसातून फोन येतो, 'माहिती आजच्या आज द्या', आणि नकाशा गडप. मी माहिती देत देत भलत्याच गावच्या शाळेत पोचते. तिथले गुरुजी बिचारे अचानक तपासणी आली म्हणून घामाघूम होतात. तेव्हा गाडीत जीपीएसचं वेगळं यंत्र बसवायचं ठरवलं.

गाडीच्या सामानाचं इम्रानचं दुकान आमच्या ओळखीचं. तो म्हणाला, "मॅडम, तीन पीस हाय. एकेक लावून पाहा, पसंत नाई पडला तर परत आना." मी त्यातला सगळ्यात देखणा उचलणार, तेवढ्यात बरोबर आलेल्या शालिकभाऊंनी विचारलं, "हे वरून पाहते म्हन्ते ना?"

"हो चाचा, सॅटेलाइट से."

"वरून पाहनाऱ्याले खालचं काय समजते? परीक्षा म्या घेतो."

आणि पुढचे तीन रविवार त्यांनी खरंच परीक्षा घेतली. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर दगडांच्या आकड्यांची जुनी वही. मी गाडी चालवायची, प्रत्येक दगडाजवळ थांबायचं आणि यंत्रातला आकडा मोठ्याने वाचायचा. ते वहीत पाहून बरोबरची खूण करायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. नापास व्हायची भीती मलाच वाटायची.

पहिल्या यंत्राने जवळचा रस्ता म्हणून आम्हाला सरळ पांदणीत घातलं. पांदण म्हणजे शेतात जायची बैलगाडीची वाट. वरून तीही रस्त्यासारखीच दिसत असणार. आदल्या दिवशी पाऊस झालेला. काळ्या मातीने चारही चाकं धरली आणि यंत्र शांतपणे म्हणत राहिलं, 'सरळ जा'. एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला हसत हसत ओढून काढलं. शालिकभाऊ चिखल पुसत म्हणाले, "पांदन अन् सडक ज्याले वेगळी समजत नाई, त्याच्या भरवशावर घराबाहेर पडू नये."

दुसरं यंत्र वळण मागे गेल्यावर वळायला सांगायचं. "हा माह्या भाच्यावानी हाय, बाई. लग्न लागल्यावर पत्रिका आनून देते." तेही परत गेलं.

तिसरं मात्र हुशार निघालं. मूर्तिजापूरच्या रस्त्याने गेलो, बार्शीटाकळीला गेलो, दगडामागून दगड जुळत गेला. शालिकभाऊ खुलले. आधी कौतुक मानेने, मग तोंडाने. "पाह्यलं? म्या तेवीस वर्षांआधी लिवलं, अन् हे आज वरून पाहून तेच सांगून राहिलं!" वरच्या सॅटेलाइटने त्यांच्या ब्रशाला मान्यता दिल्याचा अभिमान चेहऱ्यावर मावत नव्हता. खरं सांगायचं तर मलाही फार अभिमान वाटला. असा माणूस माझ्या शेजारी राहतो आणि माझ्या गाडीत बसतो.

मी म्हटलं, "आता शेवटचं. बोरखेडीला माझी शाळा आहे. तिथवर पाहू आणि पास करू."

"तिकडं काहून?" ते एकदम म्हणाले. "पास हाय ना. बस झालं."

"भाऊ, पाच मिनिटांचं काम आहे."

बोरखेडी फाट्यावर आत वळलो. कडेला दगड होता. नुकताच रंगवल्यासारखा, आकडा काळाकुळकुळीत : बोरखेडी २. मी यंत्राकडे पाहिलं. तीन किलोमीटर.

"सापडली!" मी ओरडलेच. "भाऊ, चूक सापडली! शंभर मीटर नाही, अख्खा किलोमीटर! नापास."

शालिकभाऊंनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. वही मिटली. खूण केली नाही की फुली मारली नाही. मला वाटलं, एवढं हुशार यंत्र शेवटी फसलं म्हणून वाईट वाटलं असेल. मी गाडी वळवली ती थेट इम्रानच्या दुकानात.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. इम्रान काकुळतीला आला. "मॅडम, हा तर सगळ्यात भारी पीस. याच्यात चूक निघूच नाई शकत."

"अठ्ठावीस वर्षं दगड रंगवलेला माणूस माझ्याबरोबर आहे," मी छाती पुढे काढून म्हणाले. "दगड खोटं बोलत नाही."

इम्रान शालिकभाऊंकडे वळला. "चाचा, तुमी सांगा. तुमी म्हनाल तर आताच्या आता काढून ठेवतो."

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. हो म्हटलं असतं तर काम झालं होतं. यंत्र खोक्यात गेलं असतं आणि शालिकभाऊ होते तिथेच राहिले असते, ज्यांचा आकडा कधी चुकला नाही असे. त्यांनी काउंटरवर हात टेकले.

"मशीन बरोबर हाय, इम्रान. दगड खोटा हाय. म्या लिवला."

एक गिऱ्हाईक हसलं. इम्रानने त्याच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झालं. शालिकभाऊ मला म्हणाले, "चाला बाई. दाखवतो."

पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. बार्शीटाकळी मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग बोलायला लागले.

बोरखेडी हे अनुसयाबाईंचं माहेर. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू. आई अंथरुणाला खिळलेली, दुसरं कोणी नाही. म्हणून दर शनिवारी त्या एसटीने फाट्यावर उतरायच्या आणि भाकरीचं गाठोडं घेऊन चालत आत जायच्या. शालिकभाऊ तेव्हा कुठे तरी रस्त्यावर कामाला असत. लिहिणंवाचणं अनुसयाबाईंना येत नव्हतं, पण आकडे नवऱ्याने शिकवले होते. दगड रंगवताना बाजूला बसवून, खडूने.

"तेच नडलं," शालिकभाऊ म्हणाले. "ती म्हने, फाट्यावर तीन दिसलं का पाय तिथंच बसते. दोन असतं त पाय उचलला असता. म्हने, तुमच्याच हातात ब्रश हाय, एक कमी करा ना. म्या डाफरलो. म्हनलं, सरकारी दगड हाय, तुह्या पायासाठी बदलत नाई."

"मग?"

"मंग एका शनवारी ती फाट्यावरूनच वापस आली. गाठोडं तसंच. चुलीजवळ बसली न सयपाक कराले लागली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता म्या डबा घेऊन तिथं. तिनाचा दोन कराले काय लागते, बाई? खालचा गोल पुसला, शेपूट वढली. पन मनासारखा येईना, दोनदा पुसा लागलं."

फाटा आला. आम्ही आत वळलो. बोरखेडी २.

"पुढच्या शनवारी ती इथं उतरली. म्हने, 'दोनच त हाय!' अन् गेली. नऊ वर्सं गेली, माय मरेपर्यंत."

मला राहवलं नाही. "आणि त्यांना कधी कळलंच नाही?"

"समोर पाहा."

एक किलोमीटर पुढे बाभळीखाली दुसरा दगड होता. तोही ताजा रंगवलेला. बोरखेडी २.

मी गाडी थांबवली. यंत्रातही दोन होते.

"हा खरा दोन," शालिकभाऊ म्हणाले. "याले म्या हात नाई लावला. याले एक केलं असतं, त पुढच्याले काय करता? गावच पुढं सरकवा लागलं असतं." ते थोडं हसले. "पहिल्या शनवारी घरी आली, मले जेवाले वाढलं, अन् म्हने, 'बोरखेडी दोनवर आलं म्हना. म्या दोनदा वाचलं.' हासली. पुन्हा विषय नाई काढला. म्याबी नाई काढला. पन दर शनवारी गेली ना ती."

ते उतरले, दगडावरची धूळ दुपट्ट्याने पुसली आणि आकड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "या वर्सी पांढरा पातळ बसला," म्हणाले. पोळ्याच्या आधी ते कुठे जातात, हे मला तेव्हा कळलं. कडक इस्त्रीसारखा हा माणूस, ज्याने आयुष्यात एकच खोटं लिहिलं, तेही सरकारी दगडावर, बायकोच्या पायासाठी. आणि आज ते चार लोकांत कबूल केलं, कारण यंत्रावर अन्याय व्हायला नको. माझे डोळे भरून आले. सकाळी मला त्यांचा अभिमान वाटला होता, तो काहीच नव्हता.

यंत्र मी घेतलं. शालिकभाऊंनी पास करताना एकच अट घातली : बोरखेडी फाट्यावर आत वळलं की यंत्राचा आवाज बंद करायचा. मी करते.

गेल्या महिन्यात बोरखेडीच्या शाळेत बसून माहितीचा तक्ता तपासत होते. 'मुख्य रस्त्यापासून अंतर' हा रकाना रिकामा होता. गुरुजी नवीन आलेले. "गावात सगळे दोन सांगतात मॅडम," ते चाचरत म्हणाले, "पण माझ्या मोबाइलमध्ये तीन दाखवतं. काय लिहू?"

मी त्यांच्या हातातला पेन घेतला, रकान्यात वळणदार २ काढला आणि खाली सही केली.