लाल खुर्ची कुणाची?

एस्नातबाईंच्या बालवाडीत त्या सकाळी कार्यक्रमाला एकच खुर्ची होती, आणि नेमके गावप्रमुखच तिच्यात जाऊन बसले.

खुर्ची होती चार वर्षांच्या तामांडासाठी. पोरीची पाठ धरत नसे, पायांत जोर नव्हता. आई फालेसी तिला चितेंजेच्या कापडाने पाठीशी बांधून दिवसभर फिरे. टेकू मिळाला तर पोर चारचौघांत बसेल, म्हणून एस्नातबाईंनी मांडा सुताराचा पिच्छा पुरवून उंच पाठीची, पट्ट्याची आणि पुढे फळी असलेली लाल खुर्ची करून घेतली होती. बाकीच्या मुलांना चटया. पण चटयांच्या मधोमध एकच खुर्ची मांडली, की ती मानाची; कुणाची हे मांगोचीकडच्या गावांत कुणी विचारत नाही.

गावप्रमुख काचिगांबा अंगाने शेवग्याची शेंग, त्यामुळे बरोबर मावले. फळी खटकन बसली. त्यांनी तिच्यावर शेंगदाण्याच्या पेजेची वाटी ठेवून पाहिली आणि ते खूश झाले.

"मांडा, माझ्यासाठीच केलीस ना रे?"

मांडाने गुडघे टेकले, अदबीने टाळी वाजवली आणि म्हणाला, "होय प्रमुख."

"मेल्या!" एस्नातबाई दात-ओठ खात पुटपुटल्या.

"वाटीची सोय काय झकास केलीय! कार्यक्रम झाला की पोचव माझ्या अंगणात."

"पोचवतो, प्रमुख."

फालेसीच्या पाठीवरून तामांडा खुर्चीकडे बघत होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

भाषणाची वेळ झाली. प्रमुख वाटी खाली ठेवून उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. पोर घसरू नये म्हणून मांडाने फळीची कडी मागच्या बाजूला, पार खाली बसवली होती. मुलांना वाटलं, हा नवा खेळ. तीही ढुंगणाशी चटया धरून उभी राहिली. बायका जमिनीकडे बघत ओठ चावू लागल्या.

"अरे मांडा, ही कसली खुर्ची? माणूस आत जातो तो बाहेरच येत नाही!"

"होय प्रमुख."

आता फालेसीला राहवेना. ती पुढे होऊन गुडघ्यांवर बसली. "प्रमुख, ती मोठ्यांची नाहीच. माझ्या तामांडाची आहे. मला तिला पाठीवरून उतरवायचंय हो. तिला पोरांत बसायचंय."

मांडाने धावत जाऊन कडी काढली. प्रमुख बाहेर आले.

"मग आधी बोलायला काय झालं होतं तुम्हा सगळ्यांना?"

"तुम्ही बसला होतात ना," एस्नातबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नासिबेको आजींनी कडेने तोंड घातलं. "आता बोलून काय उपयोग? प्रमुख बसले त्या आसनावर दुसऱ्यानं टेकायचं नाही. वाडवडिलांची रीत आहे बाई."

फालेसीचे डोळे भरून आले. प्रमुखांनी खुर्चीकडे पाहिलं, मग तामांडाकडे. पोरीने नजर खाली केली नाही.

"रीत मोडायची नाही," ते घसा खाकरून म्हणाले. "प्रमुखाच्या आसनावर प्रमुखच बसणार. आजपासून बालवाडीची प्रमुख ही. बसवा तिला."

फालेसीने पट्टा बांधला. तामांडाची पाठ ताठ राहिली. इतकी वर्षं वाकलेली फालेसीही सरळ झाली आणि हसता हसता रडली.

प्रमुखांनी समाधानाने कोट सावरला आणि भाषणासाठी तोंड उघडलं. तामांडाने फळीवर दोन्ही हात ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"उभे का? खाली बसा. पेज गार होतेय."

काचिगांबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन पोरांना "सरका रे जरा" म्हणत चटईवर मांडी घातली.