जठराचं खालचं दार

आमच्या शेजारच्या ढोले सरांच्या अंगणात कपडे वाळत घालायची जी दोरी आहे, ती माणसाच्या लहान आतड्याच्या लांबीची आहे. थट्टा नाही. सरांनी स्वतः मोजून, जास्तीची कापून टाकून ती बांधलेली आहे. अंगण तेवढं लांब नाही, म्हणून दोरी कडुनिंबापासून खिडकीच्या गजाला, तिथून नळाला, नळावरून परत कडुनिंबाला अशी वेटोळी घेत जाते. पोटातही जागा नसतेच, तिथंही असंच घड्या घालून बसवलंय, असं सरांचं म्हणणं. दोरीच्या सुरुवातीच्या हातभर तुकड्याला ते आद्यांत्र म्हणतात आणि तिथं फक्त रुमाल वाळतात. मधल्या भागावर सदरे, शेवटी चादरी. एकदा आमच्या सौभाग्यवतींनी रुमालांच्या जागी चुकून आपली ओली सतरंजी टाकली, तर सर दार वाजवून सांगून गेले, की वहिनी, आद्यांत्रावर एवढा बोजा बरा नाही.

सर जन्मभर अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. विज्ञान म्हणजे पचनसंस्था. पुस्तकात प्रकाश, ध्वनी, चुंबक असेही धडे होते अशी अफवा आहे, पण सरांचा एकही विद्यार्थी तिथपर्यंत पोचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पोरांना नीट कळावं म्हणून सरांनी अख्खं पोट रेल्वेलाइनीवर बसवलं होतं. तोंड म्हणजे अमरावती. अन्ननलिका म्हणजे बडनेऱ्यापर्यंतचा फाटा. बडनेरा म्हणजे जठर, तिथं सगळ्यांना उतरून घुसळून निघावं लागतं. बडनेरा ते मूर्तिजापूर लहान आतडं. मूर्तिजापूरला ती बंद पडलेली छोटी लाइन आहे ना, ते आंत्रपुच्छ. "हाय, पण काहून हाय ते कोणाले मालूम नाई." पुढं अकोल्यावरून मोठं आतडं. भुसावळला ते काय म्हणत हे मी लिहीत नाही, भुसावळला माझे साडू राहतात.

त्यामुळं सर कुणाला 'नमस्कार' म्हणत नाहीत. "काय दिलीपभाऊ, गाडी कुठवर आली?" असं विचारतात. आपण म्हणायचं, सर, आताच जेवलो. मग ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघून आपल्या पोटातली भेंडी नेमकी कुठं उभी आहे ते सांगतात. माझा मंडपाचा आणि भांडी भाड्यानं द्यायचा धंदा. एका लग्नात मी मूर्खासारखं सरांना पंगतीत आग्रह करायला उभं केलं. ते प्रत्येकाच्या ताटापुढं वाकून बासुंदीला जठरात काय काय सोसावं लागतं ते प्रेमानं समजावत गेले. त्या दिवशी दोन पातेली बासुंदी उरली, आणि नवरदेवाचा मामा अजून दूध बघितलं की डोळे मिटतो.

तर असा हा माणूस. लग्न केलं नाही, एकटा राहतो, सकाळी स्वतःची भाकर स्वतः थापतो. आणि गेल्या हिवाळ्यात एकाएकी त्यानं गाडी विचारणं बंद केलं.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग मिरचीभज्यांची पुडी घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेलो, तर त्यांनी एक भजं उचललं, त्याच्याकडं बघितलं आणि परत ठेवलं. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. दोन दिवसांनी ते माझ्या दुकानात आले आणि मोठमोठ्या पातेल्यांच्या मध्ये बराच वेळ नुसते उभे राहिले. शेवटी म्हणाले, "अकोल्याले येता काय माह्यासंगं? जठराच्या खालच्या दारापाशी काईतरी हाय."

"काईतरी म्हणजे काय?"

"तेच," सर म्हणाले, आणि एका पातेल्याचा काठ बोटानं पुसू लागले.

'तेच' म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं. लक्षणं सरांनी स्वतःच ओळखली होती, आता दुर्बिणीनं तपासणी करायची होती, तोंडातून नळी घालून. मी म्हटलं, त्यासाठी अकोला कशाला, आपल्या अमरावतीत इतके डॉक्टर आहेत. त्यावर सर पहिल्यांदा थोडे जिवंत झाले. अमरावतीतला दर दुसरा डॉक्टर त्यांचा विद्यार्थी. ज्या पोराला फळ्यावर जठर काढून दाखवलं, त्याच्यापुढं आता स्वतःचं उघडं करून दाखवायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. शिवाय अकोल्याला जठारपेठेत त्यांची मोठी बहीण शांताताई राहते. तिच्याकडं रात्री मुक्काम करून सकाळी तपासणी उरकायची. ताईला मात्र एक अक्षर सांगायचं नाही. जुन्या शाळेचं इथल्या एका शाळेत काम आहे, एवढंच म्हणायचं.

मी गाडी काढली. बडनेरा आलं, गेलं. मूर्तिजापूर आलं. मी मुद्दाम विचारलं, सर, आंत्रपुच्छाजवळ चहा घ्यायचा काय? त्यांनी काचेतून बाहेर बघत नको म्हणून मान हलवली. तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवाकालव झाली. नेमकी कुठल्या स्टेशनात, ते सांगणारा बाजूला मुका बसला होता.

शांताताई म्हणजे पंच्याहत्तरीची, काटकुळी, नाकावर चष्मा घसरलेली बाई. आई लवकर गेली तेव्हा हिनंच सरांना वाढवलं. भावाला दारात बघून तिनं आनंद वगैरे दाखवला नाही. "काय रे मधू, वाळला काहून इतका? शाळेतले लोक जेवू देत नाई काय तुले?" एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. रात्रीच्या जेवणात सरांनी भाताची चार शितं इकडून तिकडं केली. ताई वाढताना बघत होती. मी अपराध्यासारखा दोघांच्या वाटचं जेवलो. वांग्याची भाजी इतकी झणझणीत होती की मला रडू येतंय ते भाजीनं की भीतीनं, हे कुणाला कळलं नाही.

सकाळी सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दवाखान्यातून सक्त ताकीद होती, पोट कोरडं ठणठणीत हवं. ताईनं चहा पुढं केला, सर म्हणाले, तिकडं शाळेतच नाश्ता आहे. तिनं कप झाकून ठेवला. आम्ही चपला घातल्या. मी गाडीचं दार उघडलं. इतक्यात ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "हात कर."

तिच्या हातात वाटी होती. वाटीत दही-साखर.

आता हे काही फक्त वऱ्हाडातच करतात असं नाही. पण आमच्याकडं म्हातारीनं कामाला निघताना हातावर घातलेलं दही नाकारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तरी मी मनात म्हटलं, इथं तो जन्माला येईल. साऱ्या जिल्ह्यात एकच माणूस आहे की ज्याला या एका चमच्याचा पुढचा सगळा प्रवास तोंडपाठ आहे. मी सरांकडं बघून डोळे मोठे केले. खोकलो. गाडीचा हॉर्न चुकून वाजल्यासारखा वाजवला.

सरांनी हात पुढं केला. ताईनं दही घातलं. त्यांनी ते सगळं चाटून घेतलं, तळहातसुद्धा कोरडा केला, वाकून तिच्या पाया पडले आणि गाडीत येऊन बसले.

दवाखाना येईपर्यंत मी त्यांच्याशी भांडलो. 'नको' म्हणता येत नव्हतं काय? तोंडात धरून कोपऱ्यावर थुंकता येत नव्हतं काय? सर समोर बघत होते. आत डॉक्टर बाई तरुण होत्या, अमरावतीचा वारा न लागलेल्या. त्यांनी विचारलं, सकाळपासून काही घेतलंय? मी घाईघाईनं 'नाही' म्हणणार, तर सर उभे राहिले आणि फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं बोलले, की एक चमचा दही साखरेसकट घेतलंय, आणि ते आता जठराच्या वरच्या भागात आहे. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आजोबा, मग आता दुपारपर्यंत थांबा. आतलं नीट दिसायला हवं, नाहीतर नळी घालून उपयोग नाही.

दुपारपर्यंत. तुम्ही कधी दवाखान्याच्या लोखंडी बाकावर असं बसला आहात काय? घड्याळाचा काटा गोंदात पाय अडकल्यासारखा चालतो. समोरून एकेक जण आत जातो, तोंडाला रुमाल लावून बाहेर येतो आणि नातेवाईक त्याचा चेहरा वाचायला धावतात. एका बाईचं बाहेर येणं बघून सरांनी माझा दंड धरला. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. माझ्या दंडावर बोटं उमटली होती, ती मी घरी आल्यावर सौभाग्यवतींना दाखवली.

शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, सर, तुम्ही, सगळ्या जगाला जठर शिकवणारे तुम्ही, ते दही खाल्लंत काहून?

त्यांनी हळूहळू सांगितलं. ताईच्या नवऱ्यालाही याच तपासणीला न्यायचं होतं. बरीच वर्षं झाली. त्यांनाही असंच, जठराच्या खालच्या दारापाशी. ते निघाले तेव्हा ताई अशीच वाटी घेऊन उंबऱ्यात आली होती. सरांनी मध्ये पडून तिचा हात धरला. पचनाचं सगळं शास्त्र तिला तिथंच, नवऱ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर ऐकवलं. ताईनं वाटी मागं घेतली. भाऊजी कोरड्या हातानं गेले. जे निघायचं होतं तेच निघालं, आणि चार महिन्यांत ते गेलेही.

"तिनं मले कधी एक शब्द बोलला नाई," सर म्हणाले. "पण तवापासून कोणी बी घरातून निंगो, दूधवाला निंगो, ती वाटी आणते. मी बरोबर होतो दिलीपभाऊ. आजही बरोबर हाय. पण मले आता तिचा हात दुसऱ्यांदा नाई धरता येत."

मी सरकून त्यांच्याजवळ बसलो.

दुपारी त्यांना आत घेतलं. मी बाहेर येरझाऱ्या घालून फरशी इतकी झिजवली की तिथं आता पाणी साचत असेल. मग दार उघडलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, जखम आहे, अल्सर आहे, खालच्या दारापाशीच आहे. तुकडा तपासायला घेतलाय, तो नियमानं घ्यावाच लागतो. पण माझ्या नजरेला वाईट काही दिसत नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी घेत होते का हे? बंद करा. औषधानं भरून येईल.

मी सरांकडं बघितलं. घसा बधिर असल्यानं त्यांना बोलता येत नव्हतं. ते नुसते मान हलवत होते, हो हो हो हो, जणू त्यांनाच कुणी धडा शिकवत होतं आणि पहिल्यांदाच त्यांना तो कळत होता.

ऊन कलल्यावर जठारपेठेत पोचलो. ताई ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"झालं काय रे काम?"

"झालं," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शाळेचं होतं ना, वेळ लागला."

"दुर्बीण घातली काय?"

सर उंबऱ्याशीच थांबले.

"तुह्या भाऊजीच्या वक्ती असाच चेहरा होता तुहा," ताई म्हणाली. "राती भात चिवडत होता तवाच समजलं मले. काय निंगालं?"

"जखम हाय. साधी. भरून येते म्हणे."

ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि भावाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग खांबाला धरून उठायला लागली, तर उठता येईना. गुडघ्यांचं असेल असं मला वाटलं. सर मात्र तिच्याजवळ गेले, वाकले, तिच्या कोरड्या ओठांकडं बघितलं. आतल्या खोलीत सकाळचा चहा तसाच झाकून ठेवलेला दिसत होता. पोळ्यांचा डबा भरलेला होता.

"ताई, तू सकाळपासून काई खाल्लं नाई?"

"तू उपाशी गेला होता न," ती म्हणाली. "मंग मी काय करू?"

सरांनी तिला दोन्ही हातांनी उचलून उभं केलं आणि तिथंच, ओट्यावर, सगळ्या जठारपेठेसमोर धरून ठेवलं. मग मला म्हणाले, जरा ताटं वाढता काय? मी आत गेलो. गॅस पेटवला, वरण गरम केलं. पोळ्या फुलासारख्या मऊ होत्या. बाहेर ती दोघं अजून तशीच उभी होती. मी तीन ताटं वाढली, पण ती घेऊन लगेच बाहेर गेलो नाही.