यार्कोचं धावतं समालोचन

हिल्ला दोन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द काढत नव्हती. यात तिचा तरी काय दोष? तिची आई हेइनी रेल्वेत इंजिनचालक, दिवसभर रुळांवर. घरी रजा घेऊन बसलेला बाप यार्को. आणि हा गडी एका 'हं'वर आठवडा काढणारा. तांपेरे शहरात बडबडे लोक तसे कमीच, पण यार्को त्यांच्यातही घुमा म्हणून ओळखला जायचा.

"मुलीशी बोलता का?" बालआरोग्य केंद्रातल्या नर्स मार्केत्ताबाईंनी विचारलं.

"हं."

"काय बोलता?"

यार्को हिल्लाचे मोजे सारखे करू लागला.

"अहो, जे कराल ते तिला सांगत राहा. आता मोजे घालतो, आता बटाटे सोलतो. महिन्याभराने या. तोवर नाही बोलली, तर तज्ज्ञांकडे पाठवावं लागेल."

लेकीत आपलाच मुकेपणा उतरला की काय, या काळजीने यार्कोची झोप उडाली. त्यातून सांगितलेलं काम अर्धवट करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "आता बाबा दार उघडतो. आता बाबा जिना उतरतो." पहिल्याच दिवशी घसा बसला. नंतर जीभ जी सुटली, ती आवरेना.

बसमध्ये तो म्हणाला, "आता काकू बसल्या. आता काकूंनी शेजारी पिशवी ठेवली, कुणी बसायला नको म्हणून." काकू पुढच्याच थांब्यावर उतरल्या.

शुक्रवारी तर कहर झाला. इमारतीच्या साउनात, म्हणजे सगळ्यांच्या वाफेच्या खोलीत, शेजारी वर्षानुवर्षं एकत्र घाम गाळत आले होते, तेही अवाक्षर न काढता. हिल्ला सोबत नव्हती, पण सवय होती ना! "आता यार्को तापल्या दगडांवर पाणी टाकतो. आता केइयो आजोबांनी पोट आत ओढलं."

"पोरा, बरं नाही का वाटत तुला?" आजोबांनी घाबरून विचारलं.

"आता आजोबा टॉवेल शोधतात," यार्को म्हणाला. आजोबा अर्धवट शेकलेलेच बाहेर पडले.

ही बातमी जिन्याजिन्यातून हेइनीपर्यंत पोहोचली. "अरे, मी चांगल्या गप्प माणसाशी लग्न केलं होतं! तो परत दे की मला!"

"हिल्ला बोलली की देतो," यार्को म्हणाला. हिल्ला नुसती टुकूटुकू बघत होती.

महिन्याने तिघं केंद्रात गेली. मार्केत्ताबाईंनी मांजराचं चित्र दाखवलं. हिल्ला गप्प. चेंडू दाखवला. गप्प. बाईंनी सुस्कारा सोडला, तशी यार्कोच्या तोंडचं पाणीच पळालं. हातातली टोपी पिळत तो बसून राहिला.

हिल्लाने चित्रांकडे पाठ फिरवली, बापाला नीट न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आता बाबा घाबरला."

यार्कोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता बाबा रडतो," हिल्लाने पुढचं सांगितलं.

"तज्ज्ञबिज्ञ काही नको हो हिला," मार्केत्ताबाई हसत म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत आईबाप आपापल्या बाळांना घेऊन चिडीचूप बसले होते. हिल्ला एका गृहस्थांसमोर थांबली. "आता काका झोपला. आता काकाची लाळ गळते."

सगळ्यांच्या माना वळल्या. यार्को कानापर्यंत लाल झाला आणि खाली वाकून कुजबुजला, "शू! बाळा, लोकांसमोर असं बोलायचं नसतं."