धाकट्या डिस्कचं सुतक

मंगळवारी सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, शैलाताईंच्या कॉम्प्युटरमधली थोरली डिस्क वारली आणि धाकटीने सुतक धरलं. पडद्यावर तसं स्वच्छ लिहून आलं : "बहीण गेली. दहा दिवस सुरू होणार नाही."

लिनक्सवर चालणारा हा कॉम्प्युटर शैलाताईंच्या नवऱ्याने, तेंडोलकर सरांनी, स्वतः जोडला होता. दोन डिस्क, दोघींवर तोच मजकूर. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्या मजकुरात सरांनी अकरा वर्षं खपून केलेला वेंगुर्ल्याच्या माशांचा कोश होता. तो दुसरीकडे कुठेच नव्हता. सर फेब्रुवारीत गेले होते.

दुरुस्तीला बस्त्याव फर्नांडिस आला. थोरलीची बातमी कळली होती, म्हणून हातातली पिशवी त्याने आवाज न करता खाली ठेवली.

"कोश आहे ना रे?" शैलाताईंनी विचारलं.

"शब्दन् शब्द आहे, ताई. पण सुरू कसं व्हायचं ते सरांनी थोरलीलाच शिकवलेलं. हिला रोज तीच उठवायची."

सकाळचा चहा सर करत. शैलाताई अजूनही तो शेजारच्या राधाक्काकडे जाऊन पीत होत्या.

"जबरदस्ती करू? करता येते. पण बिथरली तर कोश जायचा."

"नको. दहा दिवस म्हणालीय ना? थांबू."

राधाक्काने रीतीप्रमाणे पिठलं-भात आणला. एक ताट शैलाताईंना, एक कीबोर्डच्या बाजूला. "वायच खा गो, उपाशी रवू नको," ती पडद्याला म्हणाली. मग शैलाताईंकडे वळली. "ही तुझ्यापेक्षा बरी. दहाच दिवस म्हणता."

अकराव्या दिवशी बस्त्यावने पेनड्राइव्ह लावून धाकटीला सुरू होण्याची रीत सावकाश शिकवली. ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पडद्यावर आलं : "एकटीने सुरू होऊ?"

बस्त्याव बाजूला सरला. "हे घरच्यांनी सांगायचं असतं."

शैलाताईंनी 'हो' दाबलं. कोश उघडला.

त्याने नवी डिस्क बसवली. धाकटी तिला पहिल्या शब्दापासून सगळं सांगू लागली.

"संध्याकाळ होईल तिला," बस्त्याव म्हणाला. "या वेळी सुरू होणं दोघींना शिकवून ठेवतो."

"चहा घेशील?"

साखरेचा डबा सापडायला वेळ लागला, पण चहा झाला. कप घेऊन शैलाताई सरांच्या खुर्चीत बसल्या. शेवटची नोंद काळुंदराची होती. रंग, कल्ले, खाडीतला मुक्काम, सगळं सरांनी लिहिलं होतं. चव लिहायची राहिली होती.