मधलं गाळा

‘घाबरू नका, पुढचं मी सांगते.’

विंगेतून आलेला तो दबका आवाज चित्रकाराने पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो नाटक कंपनीच्या पडद्यावर राजवाड्याचे खांब रंगवत होता. वाक्य होतं तालमीत गडबडलेल्या नटासाठी. पण शिडीवरच्या चित्रकाराने ते स्वतःसाठी ठेवून घेतलं. पुढे त्या आवाजाशीच त्याचं लग्न झालं.

लग्नानंतरही प्रॉम्प्टिंग काही थांबलं नाही. दुकानात तो “मला जरा...” म्हणे आणि मागून आवाज येई, “दाढीचं ब्लेड.” डॉक्टरांपुढे तो “इथे थोडं...” म्हणाला, की “डावा गुडघा. तुम्ही उजवा दाखवताय.”

नाटकांचे रंगवलेले पडदे गेले, सिनेमाचे हाताने रंगवलेले फलक गेले. म्हातारपणी तो घरी बसून जुने प्रसंग हुबेहूब रंगवू लागला. इतके, की नायिकेच्या शालूची जरतार बोटाला टोचेल.

“नायिका बरी जमते तुम्हाला,” बायको एवढंच म्हणे. यावर काय बोलायचं ते तिने कधी सुचवलं नाही, म्हणून तो कधी बोललाही नाही.

यंदा मात्र त्याने एका मोठ्या चित्रातच उत्तर रंगवून ठेवलं होतं. चादरीखाली झाकून ते फ्रेमवाल्याकडे गेलं. चित्रांच्या प्रदर्शनात ती बघेल, म्हणजे आपल्याला बोलायला नको, असा बेत होता.

नेमका तेव्हाच तिचा गळा बसला.

“आठवडाभर मौन,” डॉक्टर म्हणाले.

“आणि मी?” चित्रकाराने घाबरून विचारलं.

दुसऱ्या सकाळी फ्रेमवाल्याचा फोन आला. “काका, डाव्या कडेला नुसता अंधार आहे, आणि फ्रेम पडतेय लहान. काय करू?”

चित्रकाराने सवयीने बायकोकडे बघितलं. ती दारात दोन बोटं वर करून उभी होती. कंपनीत आवाज पोचेनासा झाला की ती अशीच दोन बोटं दाखवायची: मधलं गाळा, पुढे चला.

“गाळा ते,” चित्रकार म्हणाला. “पुढे चला.”

फोन ठेवल्यावर दूधवाला दोन पिशव्या देऊन गेला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला चित्रातल्या जुन्या नाटकाची नायिकाच आली होती. केस पिकलेले, ऐट तीच. तिने चित्रावरची चादर ओढली. “किती गोड दिसतेय मी.”

चित्रकार लगबगीने चित्राच्या डाव्या बाजूला गेला. डावी कड दुमडून फ्रेमच्या मागे गेली होती.

“पक्कड द्या,” तो फ्रेमवाल्याला म्हणाला.

“आत्ता? काका, तुम्हीच म्हणालात, गाळा.”

“मी नाही. दोन बोटं म्हणाली.”

“कुणाची?”

चित्रकाराने बायकोकडे बघितलं. तिने दूध ओतल्याची खूण केली.

“दुधाची,” तो हताशपणे म्हणाला.

फ्रेम सुटली तसं चित्र घसरलं. नायिकाबाईंनी घाईघाईने चित्रातल्या स्वतःलाच पायांकडून धरलं. दुमडलेला अंधार उलगडला आणि त्यात दिसली एक मुलगी. मांडीवर नाटकाची वही, ओठ अर्धवट उघडे.

“दोन शब्द बोला,” कुणीतरी माइक पुढे केला.

चित्रकाराने बायकोकडे पाहिलं. ओठ मिटलेले. बोटंही खाली.

“ही...” तो म्हणाला. त्याने चित्रातल्या मुलीवर बोट ठेवलं. “ही सगळ्याच चित्रांत आहे. अगदी कडेला. अंधार समजून लोक सोडून देतात. मी उजेड रंगवायचो, पण बघायचो तिकडेच. तो आवाज नसता, तर माझं नाटक पहिल्याच वाक्याला अडलं असतं.”

“म्हणजे मी नुसती उजेडाची सोय?” नायिकाबाई म्हणाल्या.

“हो, बाई.”

बायको जवळ आली. चित्रातल्या मुलीकडे खूप वेळ बघत राहिली. चित्रकार कुजबुजला, “पुढे काय म्हणू?”

“पुढे काही नाही. पडदा.” आवाज खणखणीत होता.

“अगं, तुझा गळा?”

“परवाच मोकळा झाला. म्हटलं, मी गप्प बसल्यावर तरी तुम्ही बोलताय का बघू.”