दोराच्या दीर्घ सेवेबद्दल

मजकूर निर्दोष असला की जगात दोष उरत नाही, हे आता सर्वमान्य झालं आहे. आमच्या कंपनीचा कारभार चिनी भाषेत चालतो. तिथला प्रत्येक अहवाल भाषेचं यंत्र सुधारू लागल्यापासून चुका शून्यावर आल्या आहेत. (सुधारलेलं बरोबर आहे का, हेही तेच यंत्र तपासतं. घरच्या कामाला बाहेरचा माणूस कशाला?) या खात्याचा मी प्रमुख. यंत्राने केलेला बदल 'मान्य' करणं हे माझं काम, आणि ते मी मनापासून करतो.

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कंपनीच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासतात. माणूस कामाला चोख, पण लिहिणं दगड मारल्यासारखं. ते राहतात त्याच इमारतीच्या लिफ्टबद्दल त्यांनी लिहिलं, 'दोर झिजला. लिफ्ट बंद करा.' चिनीत जेमतेम आठ अक्षरं. यंत्राने सूर उद्धट ठरवून दुरुस्ती केली: 'दोराने दीर्घ सेवा दिली असून लिफ्टच्या विश्रांतीचा यथावकाश विचार व्हावा.' वा! मी लगेच मान्य केलं. मग व्यवस्थापकांनीही यथावकाश विचार करायचं ठरवलं.

भावोजी तणतणत आले. "अरे, दोराच्या तारा तुटल्यात! मी लिहिलं काय, तुम्ही केलंत काय?"

"भावोजी, हरकत असेल तर लेखी द्या ना."

त्यांनी दिली. 'माणसं मरतील' असं चक्क लिहून. यंत्रातून ती 'रहिवाशांच्या भावना तीव्र आहेत' होऊन बाहेर पडली. (भावनांसाठी वेगळं खातं आहे. तिथे सध्या कोणी नाही.)

शेवटी त्यांनी घरी ताईला बजावलं, जिना वापर. नववा मजला आणि तिचे ते गुडघे!

"काहीतरीच तुमचं," ताई म्हणाली. "अहवाल माझ्या भावाच्या हाताखालून गेलाय. तसं काही असतं तर तो गप्प बसला असता का?"

हे कानावर आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

ही हकिगतही नियमाप्रमाणे यंत्रातून गेली आहे. (त्याला आता मराठीही येतं.) शेवट मी रडत रडत, भलत्याच शब्दांत लिहिला होता. आता तो असा आहे: 'ताईंनी त्या सकाळी लिफ्टचा लाभ घेतला व नवव्या मजल्यापासून तळापर्यंतचा प्रवास अपेक्षेपेक्षा लवकर पूर्ण केला.'

वाचताना कुठे अडखळलात? नाही ना? उलट जरासं हसूच आलं असेल. मग तुम्हीही मान्य म्हणा आणि पुढच्या कामाला लागा. मीही तेवढंच केलं होतं.