अडचण बोला

लेकरांनो, तुमच्या नव्या शाळेचं नियमांचं पुस्तक तुमच्या आईने मला टपालाने पाठवलं. सोबत चिठ्ठी होती : 'दोघंही यावर सही करायला तयार नाहीत. इतके नियम कशाला, म्हणतात.' मी चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. डबा कुठे खायचा, पालकांनी गाडी कुठे थांबवायची, आजारी पडल्यास कोणाला कळवायचं. पुस्तक चांगलं आहे. फक्त त्यात बकरीबद्दल काही नाही.

आमच्या शाळेच्या नियमांत बकरी होती. 'बाजाराच्या दिवशी पालकांनी बकरी शाळेच्या खिडकीला बांधू नये. बांधल्यास नकाशापासून चार हात लांब बांधावी.' कारण एका बाजाराच्या दिवशी एका बकरीने खिडकीतून तोंड घालून बंगालचा उपसागर खाल्ला होता. मुलांना वाटलं, आता बकरीवाल्याची धडगत नाही. पण आमचे हेडमास्तर गफूरसाहेब गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन आले आणि भिंतीवर नियम लिहिला. वर उर्दूत, खाली मराठीत. मग बकरीवाल्याला पाणी पाजून घरी पाठवलं.

तुम्ही सही करण्याआधी या माणसाबद्दल तुम्हाला सांगावं असं वाटलं. माझ्याशिवाय आता ते सांगणारं कोणी राहिलेलं नाही.

आपलं आखाडा बाळापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. चौथीपर्यंत मराठी शाळा. पुढची पाचवी ते सातवी म्हणजे वस्तानिया, तुमच्या भाषेत मिडल स्कूल. तिथे सगळं उर्दूतून शिकायचं. पत्र्याची लांबट इमारत, तीन वर्ग आणि चारी भिंतींवर गफूरसाहेबांचे कायदे. ते नियम म्हणत नसत, कायदा म्हणत. उंच, सडपातळ, शेरवानीची सगळी बटणं लावलेला माणूस. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. 'छडीनं एक पोरगं सुधारतंय,' ते म्हणत, 'कायद्यानं पुढचे समदे.'

मुलांना ते अहोजाहो करत. नाक पुसता न येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही 'बसा, किसनराव' म्हणत. किसनराव इतके गोंधळत की खरंच नीट बसत.

त्यांचे कायदे अंदाजाने केलेले नसत. काहीतरी घडे, मग कायदा होई. म्हणून त्या भिंती वाचल्या की गावाचा इतिहास कळे. 'गाय व्याल्यामुळे उशीर झाल्यास माफ. मात्र कालवड झाली की गोऱ्हा, हे वर्गाला सांगावे.' 'पालकांनी तक्रार बसून करावी. आधी पाणी प्यावे.' आणि दारासमोरच, ठळक अक्षरांत : 'चामडी तुमची, हाडं आमची, असे कोणत्याही पालकाने म्हणू नये. चामडीही लेकराची आणि हाडंही लेकराचीच.' तेव्हा मुलाला शाळेत घालताना प्रत्येक बाप मास्तरांना हे वाक्य ऐकवी. तशी रीतच होती. गफूरसाहेब त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेत. बापाला वाचता येत नसे. मग नवं लेकरू सोडून जुन्यातलं एखादं पोरगं पुढे येऊन मोठ्याने वाचून दाखवी, आणि बाप मान खाली घालून ऐके.

कायदा स्वतःलाही लागू. 'घंटेनंतर कोणी वर्गात शिरू नये' असा एक होता. एकदा कोणा पालकाशी बोलता बोलता त्यांनाच उशीर झाला. तो पूर्ण तास ते बाहेर उन्हात, खिडकीशी उभे राहिले. आत मुलांनी एकमेकांची उजळणी घेतली. चुकलं की बाहेरून आवाज येई, 'पुन्हा बघा, किसनराव.'

मुलंही काही कमी नव्हती. कोणीतरी भिंतीच्या कोपऱ्यात कोळशाने लिहून ठेवलं, 'हेडमास्तरांनी शनिवारी हसावे.' साहेबांनी ते वाचलं, त्यातलं एक अक्षर सुधारलं आणि गेरूने त्याला क्रमांक घातला. तेव्हापासून दर शनिवारी शेवटच्या तासाला ते टेबलापाशी ताठ उभे राहत आणि आम्हा सगळ्यांकडे बघून गंभीरपणे हसत. मग शाळा सुटे.

'आम्हा' म्हटलं खरं, पण मी तिथे कशी गेले ते सांगायचं राहिलं.

मी चौथी झाले तेव्हा वस्तानियात एकही मुलगी नव्हती. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, घरातले कर्ते. शेतीभाती, पागोटं, मोजकं बोलणं. मला पुढे शिकायचं होतं, आणि तसं मी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, 'आबा व्हय म्हणले तर व्हय.' आबांना ते मी कुठल्या तोंडाने विचारणार? मराठी शाळेतल्या मास्तरांनी माझं नाव गफूरसाहेबांच्या कानावर घातलं आणि एका सकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला समजली पाहिजे. दारी आलेल्या माणसाला आपण 'नाही' म्हणत नाही. ते अभद्र वाटतं. आपण म्हणतो, 'अडचण आहे.' समोरच्याने काय ते ओळखायचं, चहा संपवायचा, पीकपाण्याचं विचारायचं आणि उठायचं.

आबा म्हणाले, 'मास्तर, पोरगी शिकावी वाटतंय आमाला बी. पर अडचण हाय.'

गफूरसाहेबांनी खिशातून वही काढली. 'अडचण बोला, आबासाहेब.'

आबांना आजवर कोणी अडचण विचारली नव्हती. ते म्हणाले, 'आता... बाजारातून जावं लागतंय. एकटी पोर.'

'बराबर.' साहेबांनी लिहून घेतलं, चहा संपवला आणि गेले. आबा खुशीत होते. चौथ्या दिवशी साहेब परत आले. शाळेत पाणी भरणाऱ्या गंगाबाई सकाळी घरून नेतील, संध्याकाळी आणून सोडतील. तसा कायदा झाला होता, भिंतीवर चढलाही होता.

'त्ये ठीक,' आबा म्हणाले. 'पर बाईमाणसाला आडोसा लागतुया. तुमच्या शाळेत कुठं?'

'बराबर,' साहेब म्हणाले आणि वहीत लिहिलं.

या वेळी दहा-बारा दिवस लागले. शाळेच्या मागे तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड उभा राहिला, शेणाने लिंपलेला, आतून कडी असलेलं फळ्यांचं दार, शेजारी पाण्याचा रांजण. साहेबांनी आबांना तपासणीला बोलावलं. नेमका बाजाराचा दिवस. गंगाबाई आत उभ्या राहिल्या आणि साहेबांनी आबांना चारी बाजूंनी फिरवलं. 'दिसतंय का?' 'न्हाई.' 'इकडून?' 'न्हाई म्हणलं ना!' आबांच्या मागे निम्मा बाजार फिरत होता. एक मिरचीवाला वाकून बघायला लागला, तर गंगाबाई आतूनच ओरडल्या, 'तुझा आवाज वळखते मी!'

आबा घरी आले ते रागाने लाल होऊन. आईला म्हणाले, 'ह्या माणसाला अडचण म्हणजे काय तेच उमजंना.'

मला मात्र वाटतं, साहेबांना पक्कं उमजत होतं.

तिसऱ्या वेळी आबांनी विचार करून ठेवला होता. 'चाळीस पोरांत एक पोरगी. सोभंल का? तिच्या जोडीला दुसरी पोरगी द्या. मंग पाठवतो. शबूद देतो.'

साहेबांनी लिहिलं नाही. वही मिटली. साऱ्या गावात दुसरं कोणी मुलगी पाठवणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि आबांनाही. चहा अर्धा ठेवून ते उठले. मी दाराआडून बघत होते. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि का जेवले नाही हे कोणी विचारलंही नाही.

आठवड्याने ते आले, तेव्हा सोबत गंगाबाई होत्या, आणि काठी टेकत आलेली एक फार म्हातारी बाई.

'आबासाहेब, दुसरी पोरगी भेटली. पाचवीच्या रजिस्टरात नाव घातलं.'

'कुठं हाय?'

साहेबांनी गंगाबाईंकडे हात केला. गंगाबाई पन्नाशीच्या. त्यांनी पदर नीट केला आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली.

'ही पोरगी हाय?' आबा उडालेच.

'माझ्यावर भरोसा न्हाई तर हिच्या मायला इचारा.'

म्हातारीला कमी ऐकू येत असे. साहेबांनी तिच्या कानाशी जाऊन विचारलं. ती आबांवरच डाफरली, 'व्हय, माझंच लेकरू हाय! काहून इचारून राहिला? काय केलं तिनं?'

आबा इतके हसले की पागोटं सुटून मांडीवर आलं. शब्द दिलेला होता. दुसऱ्या दिवशी मी वस्तानियात गेले. गंगाबाई पाणी भरून झालं की माझ्या शेजारी येऊन बसत आणि कित्ता गिरवत. पुढची तीन वर्षं त्या पाचवीतच होत्या. 'मला काई घाई न्हाई,' म्हणत.

मी सातवी पास झाले, त्याच आठवड्यात गफूरसाहेब पुन्हा आमच्या ओसरीवर आले. वही नव्हती. शेरवानीतून त्यांनी एक पत्र काढून माझ्यापुढे धरलं. 'अनसूयाबाई, वाचा.'

उर्दू पत्र, वळणदार अक्षर. इथे सर्व खैरियत आहे, तुमची खैरियत खुदाकडे नेक चाहते, सासरची मंडळी खूश आहेत. खाली नाव, सकीना.

'माझी लेक,' साहेब म्हणाले. 'अक्षर तिचं न्हाई. त्यांच्या मोहल्ल्यात पत्रं लिहून देणाऱ्या मुंशीचं. सहा वर्सं झाली, मी मुंशीची खैरियत वाचून राहिलो. माझी लेक कशी हाय, मला मालूम न्हाई. माहेराला येती तर दोन रोज. दीर सोबत. हसती आन जाती.'

आबांनी पत्र माझ्या हातून घेतलं.

'चौथी झाली तवा मी दुसऱ्या गावात होतो, लहान मास्तर. तिला पुढं बसवा म्हणून हेडमास्तरांकडं गेलो. ते म्हणाले, इंतजाम न्हाई. मी परत फिरलो. काय इंतजाम न्हाई, एवढं इचारलं बी न्हाई, आबासाहेब. कायद्याचा माणूस ना मी. घरात पुस्तक बंद झालं, होतं ते बी इसरली. आता ती बाळंतपणाला आली हाय, दोन महिने. मी पाटी घेतली की उठून जाती. माझ्याम्होरं तिचा हात चालत न्हाई.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'तुमच्याम्होरं चालंल.'

मी आबांकडे पाहिलं. मुलीने रोज मुसलमानाच्या घरी जाऊन बसायचं, गाव काय म्हणेल, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून येऊन गेलं. आबांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

'गंगाबाई सोबत असंल का?' त्यांनी विचारलं.

'हाय.'

'मंग जाऊ द्या.'

सकीनाआपा वीस वर्षांची होती, गोल चेहऱ्याची, हसरी. पाटी पोटावर टेकवून लिही आणि बाळाने लाथ मारली की अक्षर वाकडं झालं, असं खुशाल सांगे. दहाव्या-बाराव्या दिवशी तिने मला विचारलं, 'मुंशी खोटा आहे, हे कसं लिहायचं?' मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, 'मी त्याला सांगते, ताप येतो, दवा आणत नाहीत, अब्बांना म्हणावं एकदा येऊन जा. तो म्हणतो, असं बापाला लिहीत नसतात बेटी. आणि खैरियत लिहितो.' हे अब्बांना आत्ताच का सांगत नाहीस, असं मी विचारलं. 'तोंडानं निघत नाही गं. तू लिहायला शिकव.'

मी शिकवलं. चौदा वर्षांच्या मुलीला जेवढं शिकवता येईल तेवढं. ती बाळ घेऊन सासरी गेली.

पावसाळा संपता संपता एका दुपारी गफूरसाहेब भर बाजारातून, टोपी न घालता, आमच्या घरी आले. हातात पोस्टकार्ड. अक्षरं मोठी, ओळी उतरत गेलेल्या. 'तकलीफ लिहिली हाय!' ते म्हणाले. 'बघा, अनसूयाबाई, माझ्या लेकीनं तकलीफ लिहिली हाय!' डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. कार्डावर तीनच ओळी होत्या. ताप उतरत नाही. बाळाला खोकला आहे. अब्बा, या.

त्याच दिवशी त्यांनी रजेचा अर्ज लिहिला आणि वारंगा फाट्यावरून मोटार धरून गेले. जाताना दवाखान्यातून औषधं घेऊन गेले. आपा बरी झाली. त्यानंतर दर महिन्याला तिचं एक कार्ड त्यांना येई, आणि कधीमधी एखादं मलाही.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. त्या दिवसांत आपल्या भागात कितीतरी भल्या मुसलमान माणसांना, ज्यांनी कोणाचं काही वाईट केलं नव्हतं, घरं सोडून जावं लागलं. गफूरसाहेब लेकीकडे गेले. बैलगाडीवर त्यांचं सामान आबांनी चढवलं आणि फाट्यापर्यंत आबाच सोबत चालत गेले. साहेब परत आले नाहीत. चार वर्षांनी ते वारले, हे आपाने मला कळवलं.

ती इमारत आता नाही. नव्या शाळेला मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत आणि मुलींसाठी पाच स्वच्छतागृहं आहेत. मी जाऊन मोजून आले. गेरूची भिंत कोणी जपून ठेवली नाही. गंगाबाई, त्यांची आई, आबा, सगळे गेले. सकीनाआपाही गेली.

तिची एकवीस पोस्टकार्डं माझ्या कपाटात आहेत. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतात. सही करायला तुमची अडचण असेल, तर ती कोणती, ते मला लिहा.